सरळ उतरलेला ओघळ

गंज चढवायचा म्हणजे नुसता तपकिरी रंग फासायचा नव्हे. हे गंजकाकूंनी आयुष्यात निदान शंभर जणांना बजावलं असेल, आणि त्यातल्या नव्वदांनी तरीही तपकिरी रंगच फासला.

गंजकाकू म्हणजे करमणुकीच्या त्या मोठ्या पार्कमध्ये नव्याचं जुनं करणारी बाई. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे, नजर मात्र घारीची. तरुणपणी नाटकांचे पडदे रंगवले, मग सिनेमाचे सेट, आणि परांच्या चढणं झेपेनासं झालं तेव्हा इथे आल्या. कोरी करकरीत सिमेंटची भिंत त्यांच्या ताब्यात द्यावी आणि आठवड्याने यावं. भिंतीला पोपडे आलेले, कोपऱ्यात शेवाळ धरलेलं, दाराची कडी लोकांच्या हातांनी घासून उजळलेली. लोक हात लावून बघत. हाताला रंग लागत नाही म्हटल्यावर चक्रावत.

या खेपेला काम होतं वादळबंदर. पार्कच्या मागच्या अंगाला वसवलेली मासेमारांची वस्ती. बोटींचा धक्का, पलीकडे दीपगृह, मध्ये खाडी आणि खाडीवर दोरांचा झुलता पूल. खाडी पंपाची, धुकं यंत्राचं, डांबराचा वाससुद्धा एका पेटीतून सोडलेला. आता सगळंच खोटं असल्यावर ते जिवंत वाटावं कसं? काकूंचं उत्तर साधं होतं. घर रंगवायच्या आधी त्यात कोण राहतं ते ठरवायचं. तिसऱ्या घरात एक विधवा राहते आणि तिच्या दोन्ही हातांत कायम बादल्या असतात, म्हणून तिचं दार खालच्या बाजूला झिजलेलं, पायाने ढकलून ढकलून. धक्क्यावरच्या कोठीचा मालक तंबाखू खातो, म्हणून त्याच्या खिडकीखालची भिंत बघवत नाही. आणि बंदरात वारा नेहमी दीपगृहाकडून येतो, म्हणून गंजाचा एकही ओघळ सरळ खाली उतरत नाही. सगळे जरासे धक्क्याच्या बाजूला कलतात. पाहुण्यांना हे कोणी सांगत नसे. त्यांना नुसतं वाटायचं की इथे खरंच वारं सुटतं.

पार्कचा मॅनेजर तसा वाईट नव्हता, पण दिवसातून चाळीस वेळा ‘झालं का?’ विचारायचा. म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला झालंकासाहेब म्हणत. बंदर उघडायच्या दोन दिवस आधी त्याने कामगारांच्या घरच्यांना बोलावायचं ठरवलं. दहा वाजता फाटक उघडणार, माणसं धक्क्यावरून पुलाने दीपगृहाकडे जाणार. काकूंची सून आणि सात वर्षांची नातही येणार होत्या.

त्या दिवशी काकू नऊलाच हजर झाल्या. ओलं फडकं घेऊन पुलाच्या दीपगृहाकडच्या टोकाला गेल्या. पुलाचे दोर खांबांना जिथे धरलेले होते तिथे जाड लोखंडी पट्ट्या होत्या, या टोकाला बारा बोल्ट आणि त्या टोकाला बारा. त्यातल्या एका बोल्टखाली त्यांना ओघळ दिसला. बोटभर लांब, नारिंगी, छान उतरलेला.

सरळ उतरलेला.

काकूंनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. ओघळ सरळच होता.

‘हा माझा नाही,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि लगेच ‘दमून काढला असेल,’ असंही म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी दमून सरळ ओघळ काढलेला नव्हता.

काकूंनी फडकं खाली ठेवलं ते ओघळामुळे नव्हे. त्यांना दुसरंच काही आठवलं होतं, ते असं.

पुलाचा फिटर हा पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बोल्ट आवळला की तो बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. रोज सकाळी फेरीत नुसत्या रेघा बघायच्या. रेघ सलग असली तर बोल्ट जागेवर आहे, तुटलेली दिसली तर तो फिरलाय. काम सोपं आणि बिनचूक. पण साठ वर्षांच्या गंजलेल्या बंदरात चोवीस पिवळ्याधमक रेघा! काकूंना ते डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं व्हायचं. महिनाभर त्यांनी फिटरच्या मागे टुमणं लावलं. शेवटी तो म्हणाला, ‘काकू, तुमच्या हट्टापुढे देवसुद्धा हात टेकेल. करा काय करायचं ते, पण मला रेघ दिसली पाहिजे.’ मग काकूंनी सगळ्या रेघा गडद तपकिरी केल्या. ओळखीच्यालाच दिसतील अशा. फिटरला त्या दिसत होत्या. इथवर सगळं ठीक होतं.

पण पंधरा दिवसांपूर्वी धुक्याच्या यंत्राने पुलावरचा रंग जागोजाग धुऊन निघाला, तेव्हा फिटरची सकाळची फेरी व्हायच्या आधीच काकूंनी ब्रश घेऊन सगळा पूल पुन्हा सारखा केला होता. आणि काही रेघा मध्येच तुटलेल्या होत्या. दोन होत्या का? तीन? रंगाचा टवका उडाला असेल, असं धरून त्यांनी त्या जोडून टाकल्या होत्या. अगदी सफाईने. रंगाऱ्याचा हात तो, तुटलेली रेघ दिसली की जोडल्याशिवाय राहत नाही.

कुठल्या जोडल्या ते आता आठवेना. डोळे मिटून, एकेक बोल्ट समोर आणून बघितलं. सगळे सारखेच दिसत होते, कारण सारखे दिसावेत म्हणूनच तर त्यांनी मेहनत घेतली होती.

नऊ वाजून वीस मिनिटं. काकू फिटरला शोधायला पळाल्या. पळाल्या म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जेवढं पळता येतं तेवढं. तो पंपाच्या खोलीत चहा पीत बसला होता.

‘फिटर, कप ठेव खाली आणि चल.’

‘कुठे आग लागलीय?’

‘लागली असती तर दिसली तरी असती. चल म्हणते ना!’

वाटेत त्यांनी सगळं सांगून टाकलं. तो एकदा थांबला, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा चालायला लागला. काकूंना वाटलं, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फिटरने सरळ ओघळावर अंगठा घासला. अंगठा नारिंगी झाला. काकूंचा गंज हाताला कधी लागत नसे.

त्याने पान्हा लावला. बोल्ट फिरला. थोडाच, पण हाताच्या जोराशिवाय फिरला.

‘किती वाईट आहे?’ काकूंनी विचारलं.

‘हा एकटा सैल असेल तर काही होत नाही. बाकीचे धरतात.’

‘आणि एकटा नसेल तर?’

‘ते तुम्ही मला सांगा. रेघा तुमच्या आहेत.’

काकूंनी शेजारच्या बोल्टवरची रेघ नखाने खरवडून बघितली.

‘महिन्यापूर्वी वाळूच्या गोण्या टाकून पूल तपासलाय की,’ त्या म्हणाल्या. स्वतःलाच समजावत होत्या.

‘तेव्हा घट्ट होते. त्यानंतर रोज पुलाखाली धुक्याचं यंत्र धडधडतंय.’ फिटर उठला. ‘सगळे चोवीस उघडायचे, घासायचे, बघायचे, परत आवळायचे. चार तास. साहेबाला मी सांगतो यंत्र बिघडलंय म्हणून. तुमचं नाव कशाला यायला पाहिजे?’

माणूस भला होता. आणि खरं सांगायचं तर काकूंना मोह झाला. वादळबंदरानंतर खाणीचं गाव उभं राहणार होतं, दोन वर्षांचं काम, आणि ते काकूंना द्यायचं हे जवळजवळ ठरलेलं होतं. त्यांनी मनातल्या मनात त्या गावाची अर्धी घरं वसवूनसुद्धा टाकली होती. घरी बसायच्या कल्पनेने त्यांना धडकी भरे. यंत्र बिघडलं एवढंच तर सांगायचं होतं.

पण यंत्र बिघडलं म्हटलं की झालंकासाहेब काय म्हणणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्र बंद ठेवा, पूल चालू ठेवा.

पावणेदहाला साहेब धक्क्यावर उभा होता, हातात यादी, कानाला फोन. फाटकाबाहेर माणसांचा कलकलाट ऐकू येत होता.

‘झालं का, काकू?’

‘नाही झालं. पूल उघडू नका.’

फोन कानावरून खाली आला. ‘काय?’

‘बोल्टवरच्या रेघा मी रंगवल्या. तुटलेल्या होत्या त्या जोडल्या. कुठल्या ते मला आठवत नाही. एक बोल्ट सैल सापडलाय. बाकीचे उघडल्याशिवाय कळणार नाही.’ काकूंनी हे एका दमात सांगितलं, कारण मध्ये श्वास घेतला असता तर उरलेलं घशातच राहिलं असतं.

साहेबाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ‘तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? दोनशे माणसं आहेत बाहेर!’

‘म्हणूनच बोलतेय.’

‘एकेक गट सोडू. दहा-दहा जण.’

‘माझी नात आहे बाहेर,’ काकू म्हणाल्या. ‘तिला कुठल्या दहात घालणार ते सांगा. नाहीतर असं करू, पहिल्या दहात तुम्ही चला. मीही येते. मधोमध उभे राहू दोघं.’

साहेबाने पुलाकडे बघितलं. धुक्यात पूल फारच सुंदर दिसत होता, जुना, दमलेला, कुरकुरणारा. इतका जुना, की पाय ठेवायला कोणालाही भीती वाटावी.

‘पुलाला आडवा दोर बांधा,’ तो म्हणाला. ‘आणि खाणीच्या गावाचं आपण नंतर बोलू.’

नंतर म्हणजे काय, हे काकूंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग चार तास त्या आणि फिटर दोन्ही टोकांना गुडघ्यांवर बसून होते. तारेचा ब्रश, पान्हा, चिंध्या. दोन महिने खपून चढवलेला गंज काकू स्वतःच्या हाताने खरवडत होत्या. फिटर एकेक बोल्ट उघडून पट्टी बघायचा आणि मान हलवायचा. प्रत्येक वेळी मान हलायच्या आधी जो क्षणभर वेळ जायचा, तेवढ्यात काकूंच्या हातातला ब्रश थांबायचा.

खाली धक्क्यावर माणसं हिंडत होती. सून दोराशी येऊन उभी राहिली.

‘आई, तुम्ही म्हणाला होतात आज नुसतं मिरवायचंय म्हणून!’

‘मिरवतेच आहे. तिला घेऊन लांब उभी राहा.’

‘आजी, त्या विधवाबाईच्या घरात कोणीतरी खोकतंय,’ नात ओरडली.

‘खोकू दे, ती टेप आहे. तू पुलापासून लांब हो आधी!’ काकू इतक्या जोरात खेकसल्या की पोरीचा चेहरा पडला. सुनेने तिला लगेच बाजूला नेलं. एरवी ती दोन तरी टोमणे मारल्याशिवाय हलली नसती.

दुपारी दोनला हिशोब लागला. चोवीसांपैकी तीन सैल. तिन्ही एकाच खांबावरचे, शेजारीशेजारी.

‘तीनच ना?’ साहेबाने विचारलं.

फिटरने पिवळ्या रंगाचा डबा उघडला आणि रेघा ओढायला बसला. काकूंनी डबा धरला.

पूल तीनला उघडला. माणसं गेली, आली, फोटो काढले, पिवळ्या रेघांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सून आणि नात पुलावर गेल्या तेव्हा काकूंना बघवेना आणि न बघताही राहवेना. त्या खांबापाशी बोल्टवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, पलीकडून नातीने हात हलवेपर्यंत.

खाणीचं गाव दुसऱ्या कोणाला तरी गेलं. काकूंना बंदराच्या डागडुजीवर ठेवलं, आणि ते त्यांनी निमूट घेतलं. त्यांना वाटलं होतं, आठवडाभराने मन शांत होईल. कसलं काय! रोज कामावर आल्या की त्यांचे पाय आधी पुलाकडे वळत. वाकून पहिल्या बोल्टची रेघ बघायची, वर तळहात ठेवायचा, मग दुसरा. चोवीस झाले की कामाला लागायचं. तासाभराने पुन्हा यायचं. फिटर म्हणायचा, ‘काकू, मी बघितलेत ना सकाळी?’ काकू म्हणायच्या, ‘बघितलेस ना? मग मी पण बघते.’

आणि पाहुणे थांबायला लागले. रंगाने मळलेला झगा घातलेली म्हातारी पुलाच्या टोकाला वाकते, लोखंडावर हात ठेवते, पुटपुटते, पुलावरची माणसं मोजते. लोक आवाज बारीक करून एकमेकांना दाखवायचे. कोणी म्हणे हिचा मुलगा समुद्रात गेलाय, कोणी म्हणे नवरा.

महिन्याभराने झालंकासाहेब स्वतः पुलावर आला. कधी नव्हे ते खुशीत.

‘काकू, सगळ्या बंदरात लोकांना सर्वांत आवडतं ते काय माहितीये? तुम्ही! त्यांना वाटतं तुम्ही इथल्याच आहात. मी म्हणतो, एक जुनी शाल देतो, आणि वेळ ठरवून टाकू. अकराला एकदा आणि तीनला एकदा.’

‘अकराला मला भीती वाटेलच असं सांगता येत नाही, साहेब,’ काकू म्हणाल्या. ‘सरका जरा. उजेड अडवताय.’

साहेब हसत सरकला. पुलावर तेव्हा एकवीस माणसं होती. बोलण्याच्या नादात बोल्ट सातवा झाला की आठवा, हे काकू विसरल्या होत्या. म्हणून त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.