दत्ताचा दिवस

मंडप-स्पीकरचा धंदा असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते खुर्च्यांसोबत टेम्पोत चढून घरी येतात. लग्नातले किस्से दुसऱ्या लग्नापर्यंत टिकतात. पण आमच्या गावात दरवर्षी दत्ताचा दिवस साजरा होतो, त्याचे किस्से मात्र डोक्यातून उतरत नाहीत. 'साजरा' हा शब्द माझा नाही बरं का, समितीच्या पत्रिकेतला आहे.

दत्ता माझा वर्गमित्र. पालम तालुक्यातलं आमचं गाव, आणि हा मेंढरं राखणाऱ्या घरातला. फौजेच्या भरतीला आम्ही दोघं संगंच गेलो होतो. जन्मभर मेंढरांमागं पळालेला गडी, पळायच्या परीक्षेत केव्हाच पुढं निघून गेला. वळून बघतो तर मी सगळ्यात मागं, धापा टाकत. तर हा पट्ठ्या उलटा आला आणि मेंढरू हाकतात तसं "हुर्र, हुर्र" करत मला हाकायला लागला. साहेब खेकसला, तर म्हणतो, "गाववाला है साब, एकटा रह गया तो घबरायेगा."

एवढं करून तो निवडला गेला, मी घरी आलो. दत्ता कारगिलच्या लढाईत गेला. तिरंग्यात गुंडाळून आणला त्याला, तेव्हा सगळा तालुका लोटला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या दिवशी फक्त त्याची आई गयामावशी आणि धाकटा भाऊ मारोती फोटोला हार घालायचे. मी जायचो, चहा पिऊन यायचो.

मग आमच्या गावचे बापू निवडणुकीला उभे राहिले, आणि त्यांना दत्ता आठवला. लगेच स्मारक समिती निघाली. अध्यक्ष बापू.

*

पहिल्याच वर्षी चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. मधोमध बापू, हात जोडलेले, डोकं पाण्याच्या टाकीएवढं. आजूबाजूला बापूंचे कार्यकर्ते, सगळे काळ्या चष्म्यात. दत्ता खाली कोपऱ्यात, बत्ताशाएवढा. आणि मजकूर काय, तर 'वीर जवान दत्ता यांना पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा'.

मी बापूंना बाजूला घेतलं, म्हणलं, जरा फ्लेक्स नीट बघा, लय मोठी चूक झाली. बापू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खरंय रे. माझा चेहरा काळा आलाय."

*

श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं राहायचं असतं. सगळं गाव माना खाली घालून उभं. तेवढ्यात बापूंच्या खिशातला फोन वाजला, आणि वाजला तो नाचाच्या गाण्यावर. माणूस फोन बंद करतो. बापूंनी उचलला. समोरच माईक, तोही चालू.

"हां, बोल," बापू म्हणाले. "न्हाई न्हाई, मोकळाच हाय. श्रद्धांजली चालू हाय."

*

पुढच्या साली पोरांनी मोटारसायकलींची रॅली काढली. सायलेन्सर काढलेल्या गाड्या, भोंगे, आरडाओरडा. मारोती रस्त्याकडेच्या रानात मेंढरं चारायलाला होता. मेंढरं घरी कोंडून कार्यक्रमाला यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्या आवाजानं कळप फुटला आणि वाट दिसंल तिकडं उधळला.

इकडं स्टेजवर मारोतीची खुर्ची रिकामी. बापू माईकवर सगळ्यांना ऐकवायलाले, की आपण एवढं करतो, पण खुद्द सख्ख्या भावाला कदर नाही. गयामावशी शेजारीच बसलेली. तिनं पदर नीट केला.

भाषणं उरकून पंगत बसली तेव्हा मारोती आला. अंगभर धूळ, खांद्यावर लंगडं झालेलं कोकरू. मंडपाच्या दाराशी छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता उभा होता, तालुक्याहून आणलेला. त्यानं हात आडवा घातला. जनावर घेऊन आत जायचं नाही म्हणाला, आणि वर विचारलं, "कुणाकडून आलास तू?"

मारोती म्हणाला, "दत्ताकडून."

*

मग पुतळा आला. कुठूनसा तयारच आणला असावा, कारण त्याला पोट होतं आणि गालभर मिशा होत्या. दत्ताला धड मिसरूडही फुटली नव्हती. मावशीनं पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि हळूच म्हणाली, "बापू, ह्याला मिशा न्हवत्या."

"मावशी, जवान म्हणल्यावर मिशा पाहिजेतच," बापूंनी समजावलं. "लोकाला वळखू याय पाहिजे."

अनावरण बापूंच्या पक्षाच्या मोठ्या साहेबांच्या हातून करायचं होतं. साहेबांची तारीख काही मिळेना. दत्ता पांढऱ्या कापडात गुंडाळून चौकात उभा. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एक दिवस वावटळ आली आणि कापड उडून बाभळीला अडकलं. मावशी पाणी घेऊन चालली होती. तिनं घागर खाली ठेवली आणि पुतळ्याच्या पायाला हात लावला.

बापू पळतच आले. दोन गड्यांकडून कापड काढवलं, पुतळा परत बांधून टाकला आणि मावशीला म्हणाले, "साहेबांच्या आधी बघायचं न्हाई, मावशी. लय वाईट दिसतंय ते."

*

शेवटी साहेब आले. दोरी ओढली, टाळ्या झाल्या. मावशीला शाल दिली. साहेबांपुढं काहीतरी जोरदार व्हावं म्हणून बापूंनी माईक हातात घेतला आणि मावशीच्या खुर्चीपाशी आले. सकाळी घरी जाऊन त्यांनी तिला काय बोलायचं ते शिकवलं होतं. मी तिच्या दारातल्या खांबावर भोंग्याची वायर जोडत होतो, माझ्यासमोर शिकवलं.

"ही आपली वीरमाता," बापू गरजले. "मावशी, सांगा साहेबांला. आनखी एक पोरगं मागितलं देशानं, तर द्याल का न्हाई?"

आणि माईक तिच्या तोंडापुढं धरला.

मावशी उठून उभी राहिली. शाल खांद्यावरून घसरली, ती तिनं उचलली नाही. मारोती खाली माणसांत उभा होता. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. मग बापूंकडं बघितलं.

"बापू," ती म्हणाली, "तुमाला पोरं किती?"

बापू गडबडले. एक पुण्यात, एक बापूंच्याच पेट्रोल पंपावर. समोर साहेब बसलेले, काहीतरी बोलावं तर लागणार.

"दोन," बापू म्हणाले.

आमच्या गावात त्या दिवशी माझे आठ भोंगे लावलेले होते. एक देवळावर, एक शाळेवर, बाकीचे वेशीपर्यंत. सगळ्यांतून ऐकू आलं.

मावशी खाली बसली.