जावेनं सांगितलेला सिनेमा

संथ सिनेमांचं वेड आमच्या घरात मी आणलं, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात कॉलेजात असताना लागलेली ही खोड लग्नानंतर रत्नागिरीत मी एकटीनं सांभाळली. नवरा बोटीवर, घरात सासूबाई, दीर आणि पुढे आलेली धाकटी जाऊ. ती आली तेव्हा संध्याकाळच्या मालिका बघून डोळे पुसायची. दुपारची जेवणं आटोपली की मी तिला लॅपटॉपसमोर बसवायची. जिथे काहीच घडत नाही असं वाटतं तिथेच लक्ष द्यायचं, हे तिला मीच शिकवलं. दीर चेष्टा करायचे, "हा सिनेमा लावून बाजारात जाऊन यावं. परत येईस्तोवर माणूस खिडकीशी तसाच उभा."

माझा सगळ्यात लाडका दिग्दर्शक असा, की त्याच्या देशातही त्याला फारसं कोणी विचारत नसावं. त्याचा नवा सिनेमा गोव्याच्या महोत्सवात येणार होता. आम्ही दोघींनी पास काढले, गाडीची तिकिटं काढली आणि नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एकीनं घरी राहणं भाग होतं. "डोळ्यात थेंब थोरलीनंच घालायचे. धाकटीचा हात कापतो," सासूबाईंनी जाहीर केलं. मी जावेला म्हटलं, "तू जा गो." ती नको म्हणेल अशी माझी खात्री होती. ती गेली.

मी थेंब घालत होते आणि आतल्या आत जळत होते. ती रांगेचे, थिएटरचे फोटो पाठवायची आणि मी उत्तरादाखल अंगठा. शो रद्द व्हावा, निदान हिला झोप तरी लागावी, असं सगळं चिंतून झालं.

परत आली ती उजळूनच. मागच्या दारी बांगडे साफ करताना म्हणाली, "वैनी, तुम्ही बघायला हवा होतात." मला ते विळीवर बोट कापल्यासारखं झोंबलं, तरी मी सांग म्हटलं.

"बंदरावरच्या घरात एक बाई असते. दोन कपांत चहा ओतते. एक पिते, दुसरा तसाच. कॅमेरा हलत नाय वैनी, वाफ जाईपर्यंत." एवढं बोलून ती गप्प झाली. हातातला बांगडा तसाच, वाफ जायला लागेल तेवढा वेळ. "मग ती तो चहा परत पातेल्यात ओतते. बस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. दिग्दर्शक माझा, आणि असा शॉट हिच्या पदरात.

काही महिन्यांनी तो सिनेमा मोबाईलवर आला. मी एकटीनंच बघितला. बंदर होतं, घर होतं, बाईही होती. ती एका कपात कॉफी ओतते, पिते आणि कामाला जाते. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. दुसरा कप कुठेच नव्हता.

जाऊ थापा मारणाऱ्यातली नाही. संध्याकाळी चहा करताना मला उलगडा झाला. नवरा बोटीवर गेला की सुरुवातीचे काही दिवस माझ्या हातून दोन कप ओतले जातात. दुसरा निवला की मी तो पातेल्यात परत ओतते. इतकी वर्षं करतेय, पण ते कोणी बघत असेल असं वाटलंच नव्हतं.

तेवढ्यात ती स्वयंपाकघरात आली. "बघितलात ना सिनेमा? तो चहाचा शॉट?"

"बघितला," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं, मागच्या दारी तिच्या तोंडून बघितलाच होता. तिनं गोव्याला जाऊन सिनेमा आधी बघितला, हा हेवा एव्हाना निवलाही असता. पण आमच्या घरात एक दिग्दर्शक निघाली आणि ती मी नव्हते, हे काही केल्या गिळवत नव्हतं.