मैदानावरची वही

रचना ओव्हाळ पोलिसात लागली ती कबड्डीच्या जोरावर. बाप बुधाजी मिठागरावर राबणारा, घरात खाणारी तोंडं पाच, आणि ही पोर शाळा सुटली की वाडीतल्या मुलांबरोबर धुळीत लोळायची. आई करवादायची. बुधाजी म्हणायचा, खेळू दे, पाय चांगले आहेत तिचे. त्या पायांवर ती जिल्ह्याच्या संघात गेली, तीन वर्षं खेळली आणि एकविसाव्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून शिपाई झाली. पुढे चौदा वर्षांत हवालदार झाली आणि बदल्या होत होत रेवसच्या अलीकडे उंबरपाखाडीच्या चौकीत येऊन पोहोचली. नवरा अजित तिथल्याच शाळेत गणिताचा मास्तर.

उंबरपाखाडीच्या एका अंगाला मुंबईकरांचे बंगले, दुसऱ्या अंगाला कोळीवाडा आणि बौद्धवाडी, मध्ये शाळा आणि शाळेमागचं मैदान. बंगले वर्षातले दहा महिने कुलपात. वाडीतली पोरं दहावीपर्यंत कशीबशी टिकायची. मग कुणी बंदरावर, कुणी हॉटेलात, कुणी नुसतीच नाक्यावर. चौकीत त्यांची नावं वरचेवर यायला लागली होती. होडीतली बॅटरी गेली, तांब्याची वायर गेली, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा मोबाइल गेला. अशात मुख्यालयातून आदेश आला, की शाळा सुटल्यावर मुलांसाठी पोलिसांनी खेळ आणि अभ्यास चालवावा. चौकीत कुणालाच ते लचांड नको होतं. रचनाने आपणहून मागून घेतलं.

जूनमध्ये बारा मुलं आली, दिवाळीपर्यंत एकोणतीस झाली. साडेचारला सुरू, साडेसहाला बंद. तासभर कबड्डी, मग हातपाय धुऊन शाळेच्या ओट्यावर अभ्यास. गणित अजित घ्यायचा. रचना चौकीतून निघताना खाकी उतरवून ट्रॅकपँट चढवायची. त्या मैदानावर ती कधी वर्दीत गेली नाही. मॅडम म्हणायचं नाही, ताई म्हणायचं, हा पहिल्या दिवशीचा नियम.

अलिबागला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथे सांगितलं होतं की प्रत्येक मुलाची माहिती ठेवा. छापील तक्त्यात रकाने आठ: नाव, वय, इयत्ता, पालकांचा धंदा, असले. रचनाला ते अपुरे वाटले. तिने दोनशे पानी वही आणली आणि एकेका मुलाच्या नावे चार-चार पानं राखून ठेवली. कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, कुणाचा बाप दारू पिऊन अंगावर येतो, कोण उपाशीपोटी येऊन तिसऱ्या चढाईला धापा टाकतो, सगळं त्यात उतरायचं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती स्वयंपाकघरात बसून लिहायची. अजितने एकदा विचारलं, एवढं कशाला लिहितेस? ती म्हणाली, एकोणतीस जणांचं डोक्यात राहत नाही, आणि विसरलं की पोरांना कळतं.

त्या एकोणतीसांत अल्पेश होता. सोळा वर्षांचा, दहावीत. आई सोनूबाई मासळीची पाटी घेऊन किहीमपर्यंत बंगल्याबंगल्यांतून फिरणारी, बाप मुंबईच्या बोटीवर, महिना-दोन महिन्यांनी उगवणारा. अल्पेश याआधी दोनदा चौकीत येऊन गेला होता. बोलायला मुखदुर्बळ, पण खेळात उतरला की वेगळाच. समोरचा चढाईला आला की हा कोपऱ्यात निर्जीव खांबासारखा उभा, आणि गडी वळला रे वळला की घोटा याच्या हातात. रचनाने त्याला मुरुडच्या स्पर्धेसाठी संघात घेतला तेव्हा त्याने आईला ती बातमी तीनदा सांगितली, असं सोनूबाईच हसत सांगत होती.

सप्टेंबरात एके संध्याकाळी बाकीची पोरं गेल्यावर तो मागे थांबला. चुन्याची पाटी उचलून ठेवता ठेवता, रचनाकडे न बघता त्याने सांगितलं, की गेल्या उन्हाळ्यात तो एका बंद बंगल्यात शिरला होता. न्हाणीघराच्या खिडकीच्या काचा काढून. घेतलं काहीच नाही. मोठ्या पलंगावर दुपारभर झोपला, मग चादर सारखी करून आला तसा बाहेर पडला.

"का रे?" रचनाने विचारलं.

"तिथं कोन वरडत न्हाय, ताई."

ती रागावली नाही, हसलीही नाही. पुन्हा जाणार नाही, एवढं वचन घेतलं. घरी आल्यावर त्याच्या पानावर लिहिलं: बंद बंगल्यात न्हाणीघराच्या खिडकीतून शिरला होता, काचा काढून. चोरी नाही. झोपायला. पुन्हा करणार नाही म्हणाला. घरात भांडणं आहेत का, आईशी बोलावं.

दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी, अल्पेश झोपून आला होता त्याच रांगेतल्या एका बंगल्यात चोरी झाली. दागिने आणि लॅपटॉप गेले. चोर न्हाणीघराच्या खिडकीतून शिरला होता, काचा काढून. मालकाची वरपर्यंत ओळख; दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौकीला तीन फोन आले. चौकीचे फौजदार तसे वाईट माणूस नव्हते. मैदानाला चुना मिळाला तो त्यांच्याच शब्दामुळे. पण तिसऱ्या फोननंतर त्यांनी रचनाला आत बोलावलं आणि पोरांची ती वही मागितली.

रचना म्हणाली, त्यात चोरीबिरीचं काही नाही, घरगुती आहे. साहेब म्हणाले, ओव्हाळ, सरकारी कामात ठेवलेली वही घरगुती कशी? चोरी झाली त्या संध्याकाळी सगळी पोरं मैदानावरच होती, हे तिने सांगितलं. साहेब म्हणाले, साडेसहानंतर कुठे होती ते सांग. ते तिला माहीत नव्हतं. चौदा वर्षं 'हो साहेब' म्हणायची सवय. वही पिशवीतच होती, तिने काढून टेबलावर ठेवली. अल्पेशचं पान ती विसरली नव्हती. पण साहेब वाचतील तर 'झोपायला' हेही वाचतील, असं तिने स्वतःला समजावलं.

साहेबांनी चार नावांखाली रेघ ओढली. आणि म्हणाले, जीप पाठवली तर पोरं पळतील, गाव गोळा होईल. तू जा. तुझ्याबरोबर येतील.

ती गेली. कपडे बदलायला सवड नव्हती, त्या दिवशी पहिल्यांदाच ती मैदानावर खाकीत उतरली. पोरं खेळायची थांबली. तिने चौघांना बाजूला घेतलं आणि साहेबांनी बोलावलंय म्हणाली. त्यातल्या एकाने विचारलं, मुरुडच्या स्पर्धेचं आहे का? बनियन मिळणार होते ना? रचनाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चला, एवढंच म्हणाली. अल्पेशने पायाची माती झाडली, केस पाण्याने चापून बसवले आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागला.

नियम तिला पाठ होता. अठराच्या आतल्या मुलाला असं चौकीत आणायचं नाही, आणायची वेळ आलीच तर आईबापांना आधी कळवायचं. तिने कुणालाच कळवलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम आहे, असं साहेब म्हणाले होते.

पाच मिनिटांचे दोन तास झाले. मुलांना एकेकट्याला आत घेतलं. ती बाहेरच्या खोलीत बसून होती, मध्ये अर्धं दार. अल्पेशची पाळी आली तेव्हा साहेबांचा आवाज ऐकू आला. ते वाचत होते. काचा काढून. न्हाणीघराच्या खिडकीतून. तिचंच वाक्य, तिच्याच शब्दांत. 'झोपायला' हा शब्द त्यांनी वाचला आणि आतला दुसरा हवालदार हसला. मग विचारलं, दागिने कुठे आहेत? पुन्हा विचारलं. मग कानाखाली वाजल्याचा आवाज आला.

रचना उठून दारात गेली. अल्पेश तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर टेबलावरच्या वहीवर होती, उघड्या पानावरच्या अक्षरांवर. ओट्यावर अभ्यास घेताना त्याच अक्षरांत ती फळ्यावर सुविचार लिहायची.

"साहेब, याच्या आईला बोलवते," ती म्हणाली. साहेब म्हणाले, थांब जरा. ती थांबली नाही. बाहेर येऊन तिने चारही घरी फोन लावले. मग ठाणे अंमलदाराकडून स्टेशन डायरी ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने नोंद केली, की चार अल्पवयीन मुलांना पालकांना न कळवता हवालदार ओव्हाळ यांनी चौकीत आणलं, वेळ सायंकाळी पाच पस्तीस. अंमलदार म्हणाला, मॅडम, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. तिने सही केली.

सोनूबाई आली ती धावत, डोक्यावरची चुंबळ तशीच हातात. आरडाओरडा करील म्हणून सगळे तयारीत होते, पण तिने काहीच केलं नाही. पोराचा लाल झालेला गाल बघितला, त्याला दंडाला धरून उठवलं आणि जाता जाता रचनासमोर थांबली.

"तुज्या भरवशावर धाडला व्हता, बाय," ती म्हणाली. "नाक्यावर बसला असता तं पकडायला जीप तरी लागली असती."

बाकीच्या तिघांच्या घरचे आले, त्यांनी शिव्या दिल्या. रचनाला त्या सोप्या गेल्या.

दहाव्या दिवशी चोर सापडला. बंगल्याला रंग द्यायला आलेल्या टोळीतला एकजण पनवेलला दागिने विकताना पकडला गेला. मालकाने चौकीला पेढे पाठवले. पोरांच्या घरी कुणी सांगायला गेलं नाही. रचनाने साहेबांना विचारलं, आपण जायला नको का? ते म्हणाले, त्यांच्यावर गुन्हा कुठे दाखल होता? नव्हता ना, मग सांगायचं काय?

मैदानावर पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. अजित ओट्यावर खडू घेऊन बसला होता. दुसऱ्या आठवड्यात बौद्धवाडीतल्या तीन मुली आल्या, त्याही आईबरोबर. मुरुडची स्पर्धा संघाविना गेली. घरी रचनाची झोप उडाली. अजित म्हणायचा, तू नसती दिलीस तरी त्यांनी घेतलीच असती वही. ती म्हणायची, घेतली असती. पण मी दिली. आणि बोलावायला मी गेले.

बुधाजी थकला होता, पण कान शाबूत. लेकीने सगळं सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या पोराला भेटलीस का? नाही म्हटल्यावर तोंड फिरवून बसला.

ती साध्या साडीत कोळीवाड्यात गेली. अल्पेश दारात जाळं शिवत होता. शाळा सोडून महिना झाला होता. रेवसच्या एका बोटीवर जात होता, दहावीचा फॉर्म भरलाच नव्हता. सोनूबाईने पाणी दिलं, बस म्हणाली नाही. रचनाने उभ्यानेच सांगितलं, की चोर सापडला, तुझा काही संबंध नव्हता हे आता सगळ्यांना माहीत आहे. आणि माझं चुकलं.

अल्पेशने सुई थांबवली. "तुमी लिवलं ते खरंच व्हतं ना, ताई," तो म्हणाला. "खोटं कायच न्हाय त्यात." थोडा वेळ तो जाळ्याची गाठ चाचपत राहिला. "पन ते मी तुमाला सांगितलं व्हतं. पोलिसांना न्हाय."

रचनाला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. शाळेचं, परीक्षेचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं त्याचं. ते सगळं ती बोललीही. त्याने मान डोलावली, जशी कुठल्याही सरकारी माणसापुढे डोलावतात. फॉर्म ती दोनदा घेऊन गेली. दोन्ही वेळा तो बोटीवर होता.

वही परत मागायचा अर्ज तिने लेखी दिला. ती गुन्ह्याच्या कागदांत लागली आहे, असं उत्तर आलं. डायरीतल्या नोंदीवरून चौकशी झाली. साहेबांना तोंडी समज मिळाली आणि रचनाची एक वेतनवाढ अडकली. तिने दाद मागितली नाही. उलट वर पत्र लिहिलं, की मैदानावर मुलांनी सांगितलेलं तपासात वापरणार असाल तर हा उपक्रम पोलिसांनी चालवू नये. पत्राची पोच आली, उत्तर आलं नाही. जानेवारीत मात्र मुख्यालयातून फोन आला, उपक्रमाचे फोटो पाठवा, मुलं जास्त दिसली पाहिजेत. तिने सात मुलींचा फोटो पाठवला.

उपक्रम तिने बंद केला नाही. अजित म्हणाला सोड आता, तिने सोडलं नाही. का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. फेब्रुवारीपर्यंत मुली अकरा झाल्या. मुलगा एकही नाही. ती आता खाकीतच जाते. छापील तक्त्यातले आठ रकाने भरते आणि फाइल बंद करते.

त्या अकरांत प्राप्ती म्हणून एक आहे, बारा वर्षांची, चढाईला जाताना ओठ चावणारी. परवा खेळ संपल्यावर ती रेंगाळली. पाण्याची बाटली उघडझाक करत म्हणाली, "ताई, आमच्या घरी ना, दादा कायतरी आणून ठेवतो. आईला म्हाईत न्हाय."

रचना तिच्यापुढे उकिडवी बसली. "थांब," ती म्हणाली. "मी पोलीस आहे. तू सांगशील ते मला कदाचित दुसऱ्याला सांगावं लागेल. ते लक्षात घे, आणि मग काय ते ठरव."

प्राप्तीने तिच्या वर्दीकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"मग नको," ती म्हणाली आणि बाकीच्या मुलींच्या मागे पळाली.

रचना तशीच बसून राहिली. त्या घरात काय आणून ठेवलं जातं ते तिला कळायला हवं होतं. पोरीला धरून विचारलं असतं तर पोरीने सांगितलंही असतं. ओट्यावरून अजितने हाक मारली, सगळ्या आल्या का, सुरू करू का. तिने गुडघ्यावर हात टेकून उठत मुली मोजल्या आणि हो म्हणाली.