उसवलेला पांढरा शर्ट

लग्नाला सहा महिने झाले होते. खटावकडचं गाव सोडून आम्ही पिंपरीत एका खोलीत राहायला आलो होतो. आमचे हे तिथल्या नव्या कारखान्यात माल उचलायच्या कामावर होते. स्वभावानं अबोल. त्यांचा राग मी अजून पाहिला नव्हता, आणि म्हणूनच त्याची धास्ती जास्त होती.

त्यांच्याकडे शर्ट दोनच. एक कामावरचा खाकी, दुसरा लग्नातला पांढरा पॉपलिनचा. कारखान्यात कुणाच्या तरी अंगावर त्यांनी बुशशर्ट पाहिला होता. अर्ध्या बाह्या, दोन खिसे, पँटच्या बाहेर सोडलेला. "तसा एक असता तर," एवढंच ते एकदा जेवताना म्हणाले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या कॅम्पात कापडाचे तुकडे स्वस्त मिळायचे, पण शिलाई परवडत नव्हती. मला झबली-पोलकी शिवता यायची. वाटलं, शर्टही आपणच शिवू. फक्त बेतायचा कसा, ते कळत नव्हतं.

म्हणून एका सकाळी मी तो पांढरा शर्ट ब्लेडनं उसवला. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, सगळं सुटं केलं. वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेतलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडून टाकू, असा विचार होता.

दुपारीच हे घरी आले. "उद्या सकाळी साहेबांनी बोलावलंय. गोदामात लिहायच्या कामावर घेणार म्हणतात. तो पांढरा शर्ट काढून ठेव."

"हो," मी म्हणाले. तुकडे मी घाईनं सतरंजीखाली सारले होते आणि हे त्याच सतरंजीवर बसले होते.

त्यांचा डोळा लागला तसे मी हळूच तुकडे ओढून घेतले आणि त्यांचं गाठोडं पदराखाली धरून कॅम्पात गेले. तिथे एक बाई मशीनवर शिवण करायच्या, त्यांची माझी तोंडओळख होती. त्यांनी गाठोडं सोडलं, कॉलरचे दोन पदर हातात घेतले. "इसमें अंदर का कौन सा है?"

मला सांगता येईना. धुऊन धुऊन दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. तेवढ्यात दारात सावली पडली. हे मला शोधत आले होते.

"माझा शर्ट आहे हा?"

"हो. तुमच्यासाठी बुशशर्ट शिवायचा होता. बेतायला उसवला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटली."

"माझी?"

मी सुटी बाही उगाच घडी करत राहिले. यांनी वाकून कॉलरचा एक पदर उचलला, उजेडात धरला. "इथं घामाचा पिवळा डाग आहे, बघ. ही मानेकडची बाजू."

दिवेलागणीला शर्ट झाला. डाव्या बाहीला खांद्यापाशी चुण्या पडल्या होत्या, ती बाही मी लावलेली. दुसऱ्या दिवशी हे तो घालून गेले. ते परत येईपर्यंत मला त्या चुण्यांवरून हातचं काम जाईल असंच वाटत होतं. काम मिळालं. चुण्यांबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी कॅम्पातून निळ्या चौकड्यांचा तुकडा आणला. कापडावर आखलेला कागद ठेवला, पण कात्री काही चालेना. एकदा कापलं की संपलं. हे समोर येऊन बसले, कागदाचं एक टोक दाबून धरलं. "काप. बिघडला तर घरात घालीन."

कापला. कॉलरचं एक टोक लांब झालं. ते दिसू नये म्हणून हे वरचं बटण उघडं ठेवू लागले आणि कॉलर दोन्हीकडे पसरून टाकायची त्यांची सवयच झाली. पुढे गोदामातले दोघे-तिघे विचारायला आले, तशी कॉलर कुणाकडून करून घेतली म्हणून.