लॅपटॉपमध्ये उरलेले बाबा

त्या जुन्या लॅपटॉपचं झाकण उघडलं, की अजून उदबत्तीचा वास येतो. बाबा गेले, त्यांच्यासाठीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी गावी, चुडाव्यालाच, आईजवळ थांबलो होतो. कॅमेरा, प्रिंटर चालवणारे जे ड्रायव्हर प्रोग्राम असतात, त्यातल्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. घरातला गळका नळ मात्र मला आजवर जमलेला नाही. आईनं बाजूला उभं राहून बाबांच्या लॅपटॉपचा कॅमेरा सुरू केला आणि चटकन डोक्यावर पदर घेतला. क्षणभर बाबा दिसले, चष्मा कपाळावर, आणि मग रिकामी खुर्ची. ड्रायव्हर सुरुवातीच्या चित्राची मेमरी न पुसताच वापरायला घेत होता आणि लॅपटॉप कुणी बंदच केला नव्हता, म्हणून बाबांचं शेवटचं चित्र आत तसंच राहिलं होतं. "एका ओळीची दुरुस्ती आहे," मी ऐटीत म्हणालो. "हात तर लावून बघ! राहू दे त्यान्ला तितं," आई म्हणाली. मग ती दिवसभर कॅमेरा चालू-बंद करायची, शेजारी उदबत्ती लावायची. बॅटरी कधीच मेलेली. वायर निघाली की मेमरी रिकामी, म्हणून आईला काही न सांगता मी जेवायलाही त्या वायरीपाशीच बसायचो. निघायच्या दिवशी मी आंघोळीला गेलो आणि माझ्यासाठी कारळाची चटणी वाटायला आईनं मिक्सर लावला, तीच वायर काढून. नंतर कॅमेऱ्यात बाबा आलेच नाहीत. "तू दुरुस्त केलंस ना रे?" चटणीचा डबा माझ्या पिशवीत ठेवत तिनं विचारलं. मी हो म्हणालो. अजूनही पाहुण्यांना ती सांगते, "पोरगं लय हुशार हाय, पर आईचं ऐकत न्हाई," आणि मी मान डोलावतो.