रविवारी समुद्र नसतो

मी थापा मारतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे तक्रार नको. आमचे पणजोबा बडोद्याच्या सरकारी कचेरीत कारकून होते. मी सांगताना त्यांना दिवाण करतो. ऐकणारे चांगले असतील आणि पुढ्यात सेव-उसळ असेल, तर खुद्द महाराज सल्ला मागायला भर उन्हात चालत आमच्या ओट्यावर येतात आणि पणजोबा त्यांना "जरा बसा, पूजा आटोपतो" म्हणतात.

माझा थोरला भाऊ याच्या अगदी उलटा. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. दिवसाला पंचवीस शब्द बोलायचा, त्यातले वीस "हं". त्याला एकच नाद होता, कॅमेऱ्याचा. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो रजा टाकायचा, खांद्यावर पिशवी अडकवायचा आणि पहाटेच्या गाडीने वापीला उतरून रिक्षाने दमणला जायचा. फोटो काढायला. रात्री घरी परत.

आता गुजरातेत दारूबंदी, आणि दमण हद्दीच्या पलीकडे. बडोद्याचा माणूस "दमणला फोटो काढायला चाललो" म्हणाला की ऐकणारा डोळा मारतो. मी भाऊ असून मारला. नुसता मारला नाही, त्याची गोष्ट केली. दादा कधीही, अगदी मंगळवारीसुद्धा रजा घ्यायचा, रविवारी मात्र कधी जायचा नाही. कुणी विचारलं, "दादा, आम्हालाही न्या की एखाद्या रविवारी," तर म्हणायचा, "रविवारी सहसा समुद्र नसतो तिथे."

एवढं माझ्यासारख्याच्या हाती पडल्यावर काय होणार! पंधरा वर्षं, दिसेल त्या लग्नात, मी उभा राहून सांगत आलो: "आमच्या दादाचा समुद्र सरकारी नोकर आहे, रविवारी सुट्टीवर असतो! कारण रविवारी दुकानात गर्दी फार, दादाला खुर्ची मिळत नाही!" मांडव कोसळायचा. "आणि फोटो?" कुणीतरी हटकून विचारायचं. "फोटो होय? ते लहरीपुऱ्यात कॅलेंडरवाल्याकडे मिळतात, डझनाच्या भावात!" दादा पंगतीत मान खाली घालून श्रीखंड खायचा. हसायचासुद्धा. एकदाही म्हणाला नाही की बाबा रे, आता पुरे.

मागच्या माघात तो गेला. कारखान्याच्या बसची वाट बघत छाणीच्या नाक्यावर उभा होता, खाली बसला, संपलं. मला रडू आलं नाही. मी जगातला सर्वांत मोठा रडका आहे, कांदा चिरणाऱ्याकडे लांबून बघितलं तरी माझे डोळे वाहतात. पण तेव्हा काही झालं नाही. जेवत होतो, झोपत होतो, कचेरीत सही करत होतो. चहा गरम आहे एवढं कळायचं, चहा आहे हे कळायचं नाही. भेटायला येणाऱ्यांना मी गोष्टीसुद्धा सांगितल्या. तोंड आपोआप चालत होतं, गिरणीचा पट्टा चालतो तसं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर वहिनींच्या माहेरचे एक वयस्कर गृहस्थ हात पुसत म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. दमण भोवलं शेवटी." चार जणांनी मान हलवली. वहिनी भाताची परात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. परात खाली ठेवली आणि आत गेल्या.

पंधराएक दिवसांनी त्यांनी मला छाणीच्या घरी बोलावून घेतलं. वहिनी शाळेत शिकवायच्या, गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या. टेबलावर दादाचे मोठे केलेले फोटो मांडून बसल्या होत्या. सगळे एकाच जागेचे. दगडी भिंत, तिच्यात एक लोखंडी कडी, बाजूला दगडी पायऱ्या. वरच्या दोनच पायऱ्या दिसतात, बाकीच्या पाण्यात, आणि पाणी कडीपर्यंत चढून फेसाळतंय.

"भाऊजी, हे कॅलेंडरचे आहेत?"

"नाही हो वहिनी, ते आपलं..."

"मग ही जागा मला दाखवा."

"दाखवतो की! दमण म्हणजे माझ्या तळहातावर..."

"तुम्ही दमणला किती वेळा गेलात?"

एकदाही गेलो नव्हतो.

"तीस वर्षं मी त्यांना एकदाही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "पहिली काही वर्षं गरज वाटली नाही. नंतर तुमची गोष्ट सुरू झाली, मग भीती वाटायला लागली. निवृत्त झाल्यावर मला न्या म्हणायचं ठरवलं होतं. वर्षभर मोकळी होते, तरी म्हटलं नाही. म्हटलं, गेलो आणि तिथे काहीच निघालं नाही तर? आता मला बघायचंय. काही निघालं नाही तर तसं. पण बघायचंय."

त्यांचा आवाज हजेरी घेतल्यासारखा सपाट होता. मी हो म्हणालो. मला सुट्टी रविवारची, म्हणून आम्ही रविवारी गेलो.

अनोळखी गावात फोटोची जागा शोधायची कशी, ते मला काय ठाऊक! पण मी जाणकाराचा आव आणला. रिक्षावाल्याला फोटो दाखवला, तो म्हणाला देवका. देवक्याला काळे खडक होते, भिंत नव्हती. "ही भिंत पाडली असणार, वहिनी," मी म्हणालो. त्या रिक्षाकडे परत चालू लागल्या. एका हॉटेलवाल्याने जंपोर सांगितलं. तिथे सुरूची झाडं, उंट, आणि समुद्र इतका लांब गेलेला की बोलावून आणायला माणूस पाठवावा लागला असता. हे वाक्य मी मोठ्याने म्हणालो. वहिनी हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही.

नानी दमणच्या किल्ल्याखाली हिंडलो, नदीवरच्या धक्क्यावर गेलो. नवरानवरींच्या जोड्या फोटो काढून घेत होत्या. एक फोटोवाला एका जोडीला सांगत होता, "थोडं डावीकडे, मागे चिखल दिसतोय." मला तो सल्ला पटला. सगळ्या दमणच्या मागे त्या दिवशी चिखलच दिसत होता.

पुलावरून मोटी दमणला गेलो तोवर दुपारचे अडीच वाजले होते. दीपगृहाच्या मागे कोटाला लागून एक दगडी भिंत होती. बाजूने पायऱ्या खाली उतरत होत्या. मी मोजल्या, चौदा. त्यांच्या खाली करडा चिखल, चिखलात होड्या कलंडून पडलेल्या, आणि पाण्याची एक बारीक रेघ पार तिकडे, आकाशाला चिकटलेली.

"हीच!" मी ओरडलो. दिवसभरात ओरडण्याची ही पाचवी वेळ.

वहिनींनी फोटो समोर धरला. पुन्हा खाली केला.

"यात पाणी भिंतीला लागलंय. इथे पाणी कुठाय?"

त्यांनी फोटो पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली आणि भिंतीवर बसल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी शेजारी बसलो. मला वाटलं आता आत काहीतरी तुटेल, बरंच होईल. पण नाही. पोटात दगड नव्हता, कापूस होता.

शेजारी साठीच्या एका बाईची चहाची टपरी होती, बाईच्या हातात काचेच्या बांगड्या, जवळच खाटेवर सुके बोंबील वाळत घातलेले. तिने न मागताच दोन कप आणून ठेवले. वहिनींनी, बहुधा काहीतरी करायचं म्हणून, तिला फोटो दाखवला.

बाईने फोटो पाहिला. मग आम्हाला पाहिलं. मग आम्ही बसलो होतो त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला खाली बोट केलं. तिथे लोखंडी कडी होती. तळच्या पायरीवर उतरून उभा राहिलो तर ती माझ्या डोक्याच्याही वर, हात पुरत नव्हता.

"आ ज छे," ती म्हणाली. हीच आहे.

"पण पाणी?"

"आजे तो दशम छे, बेन! पाणी क्यांथी आवे?" आणि वेड्याला समजावावं तसं तिने सांगितलं, की आज दशमी, आज दर्या कमजोर, भिंतीपर्यंत यायचाच नाही. अमावास्येला या, नाहीतर पुनवेला, दुपारी पाऊण-एकला. मग बघा, तुमची चप्पल घेऊन जाईल.

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. वहिनी म्हणजे चतुर्थी, एकादशी, प्रदोष, सगळे उपास पाळणारी बाई. उभ्या जन्मात सकाळी तिथी न बघता चूल पेटवलेली नाही. आम्हा बडोद्याच्या माणसांना पाणी म्हणजे सूरसागर तलाव, पायऱ्या उतरल्या की असतंच. तिथी आपल्या उपासाला असते, समुद्रालाही असते, हे आम्हा दोघांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आणि समुद्र बघायला आम्ही रविवार बघून आलो होतो.

"ते तिथे बसायचे," बाई गुजरातीत सांगत होती, टपरीच्या मागच्या ओट्याकडे बोट करून. "कॅमेरावाले काका. बोलायचे नाहीत. पाण्याची वाट बघायचे. मला वाटायचं, यांना घर नसेल."

वहिनींनी कप खाली ठेवला. "पीत होते?"

मी ओट्याकडे बघत राहिलो. बाईने विचार केला. खोटं बोलण्याचा तिला काही फायदा नव्हता.

"एक बियर. पाणी चढलं, फोटो झाले, की एक. बाटली मलाच परत द्यायचे, म्हणायचे मावशी, समुद्रात टाकू नका."

"एकच?"

"एकच. मला वाईट वाटायचं, म्हणून बोंबील द्यायची."

परतीच्या गाडीत वहिनी फोटो मांडीवर घेऊन बसल्या. घरी पोचल्यावर स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. दादा गेला तेव्हापासून पान उलटलेलं नव्हतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या चौकोनांत कोपऱ्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. "मला वाटायचं, हे प्यायचे दिवस," त्या म्हणाल्या. त्याच खिळ्यावरचं जुनं कॅलेंडर काढून उलटलं. मागे दादाच्या अक्षरात एक ओळ होती: भरतीची वेळ, तिथी गुणिले पाऊण, अधिक दीड तास. दशमीला नऊ. अमावास्येला पाऊण. त्याखाली: रविवार आणि पौर्णिमा एकत्र, हिला नेणे. दोन तारखा. दोन्ही खोडलेल्या.

पहिल्या तारखेला हळदीकुंकवाच्या पाहुण्या आल्या होत्या, हे वहिनींना आठवलं. दुसऱ्या तारखेचं मला आठवलं. त्या दिवशी मी न सांगता सकाळीच येऊन थडकलो होतो. जेवलो, आणि चार वाजेपर्यंत दिवाण पणजोबा सांगत बसलो. दादा मधूनमधून घड्याळ बघत होता. मला वाटलं होतं, गोष्ट रंगलीय.

अमावास्या शुक्रवारी होती. मी रजा टाकली. साहेबाने विचारलं कशासाठी, मी म्हणालो दमण, फोटो काढायला. त्याने डोळा मारला.

दहा वाजल्यापासून आम्ही भिंतीवर होतो. पाणी येताना मी सांगतो तसं धावत आलं नाही. आधी होड्या सरळ झाल्या. मग चिखल चमकला. मग एकेक पायरी गेली. मी मोजत होतो: चौदा, तेरा, बारा. पाऊण वाजला तेव्हा दोन उरल्या. मग पाणी कडीला लागलं, कडी हलली आणि भिंतीवर आपटून वाजली. फेस वहिनींच्या पदरावर आला.

मी दादाचा कॅमेरा काढला. "वहिनी, उभ्या राहा, इथून छान येईल."

"मी नको," त्या म्हणाल्या. "जागेचा काढा."

मी काढला. फोटो थोडा तिरका आला. वहिनी बघत राहिल्या. त्यांना रडू आलं नाही, मलाही नाही. चहावालीने बोंबील आणून ठेवले.

पाणी उतरायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती रविवारची गोष्ट किती लग्नांत सांगितलीत?"

"चाळीसेक असतील." पहिल्यांदाच मी आकडा कमी केला होता.

"तेवढ्याच लग्नांत आता ही सांगा."

वैशाखात कारेलीबागेत आमच्या एका लांबच्या पुतणीचं लग्न होतं. जेवणं झाली, पानं वाटली गेली, आणि कुणीतरी ओरडलंच, "काका, दमण होऊन जाऊ दे!"

मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. दशमी, अमावास्या, पाऊणपट, कडी, एक बियर, बोंबील. एक शब्द वाढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी गोष्टीला हात लावला नव्हता.

मग मांडव कोसळला. "तिथी बघून समुद्र येतो म्हणे!" "काका, एकादशीला उपाससुद्धा करत असेल!" तेराव्याला बोललेले वहिनींच्या माहेरचे ते गृहस्थ हसता हसता पाणी मागू लागले. "खरं सांगतोय," मी म्हणालो. त्यावर आणखी हसले.

मी खाली बसलो. पुढच्याच रांगेत वहिनी पान दुमडत बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. पान तोंडात घालून, बोटाचा चुना रुमालाला पुसून त्या माझ्याकडे वळल्या.

"एक झालं," त्या म्हणाल्या. "पुढचं लग्न ज्येष्ठात आहे."