एउसेबियोची बोटं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या टाउनहाउसेसच्या गेटावर बोटाचा ठसा घेणारं मशीन बसलं आणि मुलीकडे राहणारा सत्त्याऐंशी वर्षांचा एउसेबियो बाहेरच अडकला. दहाही बोटं लावून झाली. मशीनचं एकच पालुपद, 'बोट ठेवा.'

कमिटीवरच्या शंतनूने त्याचा हात उजेडात धरला. "अंकल, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत!"

असणार कुठून? १९५७ साली, विशीत, तो मेक्सिकोतल्या मजूरभरतीच्या रांगेत उभा होता. साहेब फक्त तळहात चाचपायचा. घट्टे असले तर अमेरिका, नाहीतर घर. एउसेबियो न्हाव्याच्या दुकानातला, हात लोण्यासारखे. त्याने आठवडाभर दगड घासून हात सोलवटून घेतले. पास झाला. मग सगळ्यांना नागडं करून अंगावर किड्यामुंग्यांवर मारावी तशी पांढरी पावडर मारली. पुढची चाळीस वर्षं याच भागातल्या फ्लॉवरच्या शेतांत वाकून खुरपणी, सुरुवातीची कित्येक वर्षं तर आखूड दांड्याच्या कुदळीने.

"तीन आठवडे हातांना काम नको," शंतनूने मशीनच्या कंपनीला विचारून सांगितलं. "क्रीम लावा, ग्लव्ह्ज घाला. स्किन सॉफ्ट झाली की स्कॅन होईल."

एउसेबियो इतका हसला की त्याला ठसका लागला. पण बसला बिचारा ग्लव्ह्ज घालून. मुलगी घास भरवायची, तेव्हा तो लाजून भिंतीकडे बघायचा.

बाविसाव्या दिवशी हिरवा दिवा लागला. मशीन म्हणालं, "वेलकम, पद्मजा."

पद्मजाकाकू म्हणजे शंतनूची आई. त्या गेटावर बोट नोंदवून नागपूरला गेल्या होत्या. शंतनूने पुन्हा कंपनीला फोन केला.

"गेट उघडतंय ना?" तिकडून विचारलं.

"उघडतंय, पण..."

"मग कम्प्लेंट काय आहे?"

सहा महिने एउसेबियो पद्मजा म्हणून ये-जा करत राहिला. काकू परतल्या त्या दुपारी मात्र मशीनने त्यांना अडवलं. पद्मजा आत आहे, म्हणालं. मुलगा मीटिंगमध्ये. काकू बॅगेवर बसून राहिल्या. शेवटी खिडकीतून एउसेबियोने पाहिलं, खाली येऊन बोट लावलं आणि त्यांची बॅग उचलली.

"अहो, जड आहे ती!" काकू मराठीत ओरडल्या. तो स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला आणि चालू लागला.

आता काकूंना फिरायला जायचं तर त्याला घेऊनच जावं लागतं. परवा पार्किंगमध्ये तो दोन गाड्यांच्या मधे कमरेत वाकला आणि फ्लॉवरची सरी कुठून कुठवर होती ते दाखवायला लागला. काकू पर्स सांभाळत त्याच्यामागून शेवटच्या गाडीपर्यंत गेल्या.